‘यापेक्षा लग्नाचा डीजे बरा’ या अभिप्रायाला साऊंडवाल्याचं उत्तर

भाऊ, नमस्कार. आर्वीच्या बाजार मैदानावर या जानेवारीत नागपूरच्या पोट्ट्यांचा रॉक शो झाला, त्याचा साऊंड आमचा होता. तुम्ही दोन तारे दिले आणि लिहिलं, की डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्ले ऐकला, महालक्ष्मी रेसकोर्सवर गन्स एन’ रोझेस ऐकला, आणि इथे भजीच्या गाडीजवळ उभं राहून गायकाचा एक शब्द धड कळला नाही. आवाज घुमत होता, मोठे बेस स्पीकर गाडीतच ठेवले, दहाच्या ठोक्याला बंद केलं, पोट्ट्यांना गाता येत नाही, तिकिटाचे पैसे परत द्या. शेवटी ‘यापेक्षा लग्नाचा डीजे बरा’.

ते शेवटचं वाक्य आधी घेतो, कारण गावात तेच फिरतंय.

लग्नात वाजतं ते तयार गाणं. स्टुडिओत बसून कोणीतरी गायक वर, ढोलकी खाली, असं सगळं आधीच बसवलेलं असतं. आमच्या पोट्ट्याने फक्त आवाज वाढवायचा. उघडा माइक नाही, म्हणून स्पीकरचाच आवाज माइकमध्ये परत शिरून शिट्टी वाजायची भीती नाही. रॉक बँडचं तसं नसतं. आपल्या स्टेजवर ड्रम आणि गायक यांच्यात चार हातांचं अंतर. ड्रमची झांज स्वतःच इतकी वाजते की गायकाच्या माइकमध्ये त्याच्या गळ्याइतकीच झांज शिरते. गायक वर करा, झांजही वर. आणखी वर करा, शिट्टी. त्यात गिटारवाला स्वतःचा अ‍ॅम्प हळूच वाढवतो (सगळेच वाढवतात, नागपूरचे असोत की लंडनचे).

बीटल्सनी 15 ऑगस्ट 1965 ला न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर 55 हजारांहून जास्त लोकांपुढे वाजवलं, तेव्हा गाणं लोकांपर्यंत गेलं ते स्टेडियमच्या घोषणांच्या भोंग्यांतून. स्टेजवर मॉनिटर, म्हणजे वाजवणाऱ्यांकडे तोंड केलेले स्पीकर, नव्हते. पोरींच्या किंकाळ्यांत त्यांना स्वतःचं गाणंही ऐकू येत नव्हतं. पुढच्याच वर्षी त्यांनी दौरे बंद केले. तयार गाणं वाजवणं आणि उभ्या माणसांचं वाजवणं लोकांपर्यंत पोचवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि आम्ही दोन्ही करतो म्हणून सांगतो.

आता तुम्ही उभे होतात ती जागा. भजीची गाडी स्टेजच्या डाव्या अंगाला, गोदामाची भिंत आणि टिनाचं शेड जिथे मिळतात त्या कोपऱ्यात होती. आमचा टॉप, म्हणजे गायकाचा आवाज देणारा वरचा स्पीकर, साधारण 90 अंशांत आवाज फेकतो. त्याच्या बाहेर गेलं की आधी जाते ती शब्दांची धार, म्हणजे स, च, ट ही अक्षरं. बेस, म्हणजे खालचा जाड आवाज, मात्र चहूकडे पसरतो आणि भिंतींच्या कोपऱ्यात साचतो. म्हणजे गाळ तेवढा तुमच्या वाट्याला आला. वरून समोरच्या भिंतीवरून परत येणारा आवाज: आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, ती भिंत 40 मीटरवर, जाऊन-येऊन 80, म्हणजे जवळपास पाव सेकंदाने तोच शब्द पुन्हा कानावर. मिक्सरच्या, म्हणजे आम्ही आवाज जुळवतो त्या टेबलाच्या, आसपास जे उभे होते त्यांना शब्द कळत होते. त्यातले काही तुमच्याच गल्लीतले आहेत, विचारून पाहा.

डी. वाय. पाटीलला हा प्रश्न सुटतो तो पैशाने आणि वेळाने. एकाखाली एक टांगलेल्या स्पीकरच्या लांब माळा, त्यांचा कोन कोणत्या रांगेवर जाईल याचं गणित आधीच केलेलं. मैदानाच्या मध्यावर डिले टॉवर, म्हणजे मागच्यांसाठी स्पीकरचे वेगळे मनोरे. स्टेजवरून 100 मीटर मागे आवाज पोचायला सुमारे 0.3 सेकंद लागतात, म्हणून टॉवरचा आवाज मुद्दाम तेवढाच उशिरा सोडतात, नाहीतर मागच्यांना दोन गाणी ऐकू आली असती. असलं मैदान उभारायला कित्येक दिवस लागतात. आम्हाला आदल्या संध्याकाळी बाजार उठल्यावर, भाजीचा पाला झाडून, मैदान मिळालं.

पण मला वाटतं खरी गोष्ट वेगळीच आहे, आणि ती माझ्या अनुभवाची आहे. 1 फेब्रुवारी 2008 ला मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर आयर्न मेडन हा इंग्लंडचा रॉक बँड ऐकायला मी वर्ध्याहून विदर्भ एक्सप्रेसच्या जनरल डब्यात बसून गेलो होतो. बराच मागे उभा होतो. वारा फिरला की वरचे सूर कधी यायचे, कधी उडून जायचे. तरी मला एकही शब्द चुकल्यासारखं वाटलं नाही, कारण सगळी गाणी पाठ होती. कानाने अर्धं दिलं, उरलेलं डोक्याने भरलं, आणि आजूबाजूचे हजारो लोक गातच होते. तुम्हालाही कोल्डप्लेचा शब्द न् शब्द कळला, कारण तुम्ही तो तोंडपाठ करून गेला होतात. नागपूरच्या पोट्ट्यांनी स्वतः लिहिलेली गाणी म्हटली. ती आर्वीत कोणीच आधी ऐकलेली नव्हती. अशा गाण्याला स्टेडियमच्या साऊंडवरही पहिल्यांदा कान द्यावा लागतो, आणि कोपऱ्यात उभं राहून तो देता येत नाही.

मोठे बेस स्पीकर काहून उतरवले नाहीत? मैदानाला लागून घरं आहेत आणि सरकारी रुग्णालयाभोवती 100 मीटरचं शांतता क्षेत्र आहे, मैदान त्याच्या जेमतेम बाहेर येतं. नियम असा की मैदानाच्या हद्दीवर आवाज त्या भागाच्या ठरलेल्या मर्यादेपेक्षा 10 डेसिबलने जास्त किंवा 75 डेसिबल, यातलं जे कमी असेल त्याच्या वर जायला नको. वस्तीची दिवसाची मर्यादा 55 आहे, म्हणजे आपल्याला 65. नुसता ड्रम उघड्यावर बडवला तरी हा आकडा गाठायला वेळ लागत नाही बाप्पा. शिवाय वॅट दुप्पट केले तर आवाज वाढतो फक्त 3 डेसिबल. कानाला दुप्पट वाटायला सुमारे दहापट ताकद लागते. तेवढा आमचा 25 केव्हीएचा जनरेटर पुरवत नाही, आणि गावच्या लाइनच्या भरवशावर मी अ‍ॅम्प चालवत नाही.

दहाचं म्हणाल तर ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम मुंबईलाही तेच आहेत. उघड्यावर रात्री 10 ते सकाळी 6 बंद. बारापर्यंतची सूट राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त 15 दिवस देऊ शकतं, तीही सण-उत्सवांसाठी. मुंबईत धोबी तलावच्या रंगभवन या उघड्या नाट्यगृहात वर्षानुवर्षं रॉकचे कार्यक्रम झाले, 1986 ला सुरू झालेला इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सवही तिथे गाजला. शेजारी हॉस्पिटल आणि कॉलेज, म्हणून शांतता क्षेत्राच्या नियमात ती जागाच रॉकला बंद झाली. आपल्याकडे पत्रिकेवर सहा वाजता लिहिलं होतं. सहाला माइक पाहुण्यांच्या हाती गेला. शाल-श्रीफळ, मनोगत, पुन्हा शाल. बँडने पहिली तार छेडली तेव्हा घड्याळात काय वाजले होते ते तुम्हीही पाहिलं आहे. तो वेळ साऊंडवाला कुठून परत आणणार?

तिकिटाच्या 100 रुपयांचं आयोजकांना विचारा. आमचा हिशेब त्यांच्याशी भाड्याचा, तिकिटाशी आमचा संबंध नाही.

दोन तारे आमच्या नावावर राहू द्या. ‘पोट्ट्यांना गाता येत नाही’ एवढं वाक्य मात्र काढावं, ही विनंती. कॉलेजवाले बुकिंग करताना असलंच वाचतात आणि ते चौघं अजून स्वतःच्या खर्चाने गाडी करून येतात. त्या रात्रीचं रेकॉर्डिंग मिक्सरमधून थेट घेतलेलं आमच्याकडे आहे, त्यात भिंत नाही, कोपरा नाही. दुकान सकाळी दहाला उघडतं. हेडफोन देतो, पूर्ण ऐका, आणि तरीही गाता येत नाही असंच वाटलं तर वाक्य तसंच राहू द्या.