टॅपेटच असेल

इंजिनातून टकटक येऊ लागली की आधी गाण्याचा आवाज वाढवावा. निम्मी दुखणी तिथेच बरी होतात.

सिग्नलला शेजारचा रिक्षावाला वळून तुमच्या बॉनेटकडे बघायला लागला, तरच निदानाकडे वळा. निदान पार्किंगमध्ये, चार जणांनी कमरेवर हात ठेवून करायचं असतं. तळमजल्यावरचे काका चपला घालून येईपर्यंत थांबा, ते एकेकाळी मारुती ८०० चालवायचे. ते लांबूनच सांगतील, "टॅपेट आहे. चालवा बिनधास्त."

टॅपेट हे फार सोयीचं दुखणं, माणसांत जसा वात. व्हॉल्व्ह म्हणजे इंजिनाची झडप आणि तिला दाबणारा रॉकर यांच्यातली फट केसभर वाढली तरी वाजतं, फीलर गेज म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी सरकवून नीट करता येतं, खर्च किरकोळ. म्हणून प्रत्येक आवाज टॅपेटचाच, अशी आपली श्रद्धा असावी. हल्लीच्या बऱ्याच इंजिनांत ही फट ऑइलच्या दाबावर आपोआप भरली जाते, तिथे सेटिंग करायला स्क्रूच नसतो, हे काकांना सांगू नका. त्यांचा चहा व्हायचाय अजून.

आवाज केव्हा येतो हेही बघू नये. सकाळी गार इंजिनाला येऊन थोड्या वेळानं जात असेल, तर एक्झॉस्टच्या जोडातलं गॅस्केट फुंकत असू शकतं, कारण धातू तापून फुगला की फट बुजते. चढावर ॲक्सिलरेटर दाबल्यावरच खडखडत असेल, तर इग्निशनचा किंवा पेट्रोलचा मामला असू शकतो. आयडलिंगला इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल, तर एक व्हॉल्व्ह दोन फेऱ्यांत एकदा, म्हणजे ४०० वेळाच उघडतो, म्हणून वरची टिकटिक संथ आणि खाली पिस्टनच्या दांड्याच्या बेरिंगचा ठोका दुप्पट घाईचा. हे सगळं तुम्हालाच कळायला लागलं तर मिस्त्रीनं काय बोलायचं?

ऑइल किती उरलंय ते दाखवणारी दांडी तर मुळीच काढू नये. हात खराब होतात. आमची दांडी सर्व्हिसिंगनंतर आठ महिने जागची हलली नव्हती.

त्याऐवजी घरात एकमत करा. गॅरेजमध्ये आवाज तोंडानं काढून दाखवावा लागतो. मी टिकटिक म्हणत होतो, मुलगा टकटक. बायको पहिल्या दिवसापासून ठकठक म्हणत होती. "ठकठक दार वाजवल्याची असते, इंजिनाची नाही," असं मी तिला समजावलं. तीन आठवडे समजावलं.

मिस्त्रीनं आमचं ऐकून घेतलं, मग लांब स्क्रू ड्रायव्हर काढला. टोक इंजिनाच्या वरच्या झाकणावर, मूठ कानाला. मान हलवली. मग टोक खाली, ब्लॉकला टेकवलं आणि दुसऱ्या हातानं जरा रेस दिली. लगेच इंजिन बंद केलं. दांडी ओढली, पायाजवळच्या फडक्यानं पुसली, परत घालून काढली. अगदी टोकाला तेवढा काळा ओलावा.

"वरचं काही नाही," तो म्हणाला. "कनेक्टिंग रॉडचं बेरिंग. इंजिन खोलावं लागेल. वहिनी बरोबर म्हणत होत्या."

घरी रिक्षानं आलो. रिक्षाही वाजत होती. बायकोनं कान देऊन ऐकलं आणि म्हणाली, "हे मात्र टॅपेट आहे हं."