वॉचमनला परवाना, कॅमेरेवाल्याला रान मोकळं

सिक्युरिटी एजन्सी बदलायची म्हटलं की सोसायटीत पहिला प्रश्न: परवाना आहे का? बरोबरच आहे, 2005 चा कायदाच आहे तसा. गेटवरच्या माणसाला 100 तास वर्गात आणि 60 तास प्रत्यक्ष प्रशिक्षण हवं. माजी सैनिकाला त्यात सवलत. आणि सीसीटीव्ही लावणारा? तो पहारा देत नाही ना, मग या कायद्यात बसतच नाही. कोणीही ड्रिल घेऊन यावं! एप्रिल 2025 पासून नव्या कॅमेऱ्यांना सरकारी चाचणी सक्तीची झाली, पण ते भिंतीवर ठोकणाऱ्याला कोण विचारतंय?

दरवेळी नवा माणूस, तोच गोंधळ. आत्ताच्या महाशयांनी डीव्हीआरचा (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्याचा) पासवर्ड कंपनीतून आला तसाच ठेवलाय आणि अ‍ॅप स्वतःच्या मोबाइलवर चालू. म्हणजे कोणाच्या घराला कुलूप आहे ते याला बसल्या जागी कळतं! हटकलं तर म्हणे, "काका, सर्व्हिसिंगला सोपं पडतं." जिन्यात डोक्याला लागेल अशी वायर लोंबतेय ती वेगळीच. परवाना रद्द करा म्हणावं, तर मुळात आहे कुठे? आणि सेक्रेटरी म्हणतात, एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचं कंत्राट, यालाच देऊ, स्वस्त पडतो.