पाठवणारा कोण ते राहू दे, तारीख काय ते सांगा

परवा दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा एका वकील मित्रानं विषय काढला. व्हॉट्सॲप विरुद्ध केंद्र सरकार, तुझं मत कुणाला? म्हटलं, कुणालाच नाही. त्याला वाटलं मी अंग काढून घेतोय. तोंडी नीट सांगता आलं नाही म्हणून इथं लिहितोय. लांबलंय, चहा घेऊन बसा.

ज्यांना भांडण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फेब्रुवारी २०२१ मध्ये सरकारनं नवे आयटी नियम आणले. त्यात मोठ्या मेसेजिंग कंपन्यांना अट घातली की, गंभीर गुन्ह्यात कोर्टाचा किंवा सक्षम अधिकाऱ्याचा आदेश आला तर तो मेसेज सगळ्यात आधी कुणी पाठवला ते शोधून द्यायचं. मेसेज परदेशातून आला असेल, तर देशात ज्यानं पहिल्यांदा पुढं ढकलला तोच पहिला धरायचा. मे महिन्यात व्हॉट्सॲप दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. त्यांचं म्हणणं असं की एकाचा माग काढायचा तर सगळ्यांच्याच मेसेजवर खूण ठेवावी लागेल, मग खासगीपण उरलं कुठं? २०२४ मध्ये तर कंपनीच्या वकिलांनी कोर्टात सांगून टाकलं की मेसेज फक्त पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाच वाचता यावा म्हणून लावलेलं कुलूप (एन्क्रिप्शन) फोडायला लावलंत तर आम्ही इथून गाशा गुंडाळू. सरकार म्हणतं अफवांनी माणसं मरतात, त्याचं काय?

ऐकायला दोघंही बरोबर. पण खासगीपणाचे गोडवे कंपनीच्या तोंडून ऐकताना जरा हसू येतं. जानेवारी २०२१ मध्ये यांनीच, आपली माहिती मालक कंपनीला देण्याचं ‘नवीन धोरण मान्य करा’ म्हणून सगळ्यांच्या फोनवर तगादा लावला होता. आमच्या गल्लीच्या ग्रुपनं तेव्हा रागारागानं सिग्नल नावाच्या दुसऱ्या ॲपवर बिऱ्हाड हलवलं आणि थोड्याच दिवसांत मुकाट्यानं परत आणलं, कारण भिशीचा ग्रुप इकडंच होता. त्याच धोरणावरून स्पर्धा आयोगानं नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला, म्हणजे व्हॉट्सॲपच्या मालक कंपनीला, २१३ कोटींचा दंड केला. अपिलात दंड राहिला. जाहिरातींसाठी माहिती वापरायला घातलेली पाच वर्षांची बंदी मात्र उठली. आणि सरकारकडं अफवेवर हुकमी औषध एकच, इंटरनेट बंद. सप्टेंबर २०२३ मध्ये आमच्या सांगलीशेजारच्या सातारा जिल्ह्यात पुसेसावळीला सोशल मीडियावरच्या पोस्टवरून दंगल झाली, एकाचा जीव गेला, आणि जिल्ह्यातलं नेट बंद झालं. दंगल थांबवायला ते लागत असेल, मी पोलीस नाही. पण नेट बंद झालं की अफवा तोंडातोंडी फिरतच राहते, आणि ‘हे खोटं आहे’ असं सांगणारा मेसेज तेवढा अडकतो.

आता आमच्या सांगलीचं सांगतो, कारण माझं मत तिथूनच तयार झालंय.

माझं वह्या-पुस्तकांचं दुकान हरभट रोडजवळच्या बोळात आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा आमच्या बोळात काय झालं असेल ते सांगलीकरांना सांगायला नको. इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५, हे इथं शाळेतली पोरंही पाढ्यासारखं म्हणून दाखवतात. आम्हा दुकानदारांना पावसाळ्यात एवढंच कळायला हवं असतं की माल उचलायचा की नाही. उचलायचा म्हणजे हमाल सांगायचे, छोटा हत्ती मिळवायचा, वह्यांचे गठ्ठे विश्रामबागेत कुणाच्या तरी वरच्या मजल्यावर नेऊन टाकायचे. वही एकदा भिजली की रद्दीवालाही तोंड वाकडं करतो. म्हणजे उशीर झाला तर माल गेला, आणि उगाच उचलला तर महिन्याचा नफा गेला.

अशाच एका ऑगस्टमध्ये संध्याकाळी ग्रुपवर व्हिडिओ आला. पाण्यातून बोट चाललेली, लोक गॅलरीतून हात करताहेत, खाली लिहिलेलं, ‘आत्ताची परिस्थिती. कोयनेतून प्रचंड विसर्ग. रात्रीपर्यंत आयर्विन ५० फूट.’ अर्ध्या तासात बोळात पळापळ. हमालांचा दर दुप्पट, टेम्पो बोळाच्या तोंडाशी अडकलेला, समोरच्या कापड दुकानातल्या वहिनी साड्यांचे गठ्ठे पोरांच्या डोक्यावर देताहेत. माझ्याकडं कामाला असलेला पोरगा तेवढा तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघत होता. एका जागी थांबवून त्यानं मला दाखवला. “शेठ, ही पाटी बघा की.” बोटीच्या मागं एका दुकानाची पाटी दिसत होती. ते दुकान २०१९ च्या पुरानंतर पुन्हा उघडलंच नाही. पाटी कधीच उतरवली होती. पाण्याचा अधिकृत आकडा बघितला तर तिशीतला, आणि तोही उतरता.

आता बोला, सरकारच्या नियमानं या व्हिडिओचा पहिला पाठवणारा कोण? २०१९ मध्ये गॅलरीत उभं राहून ज्यानं तो काढला तो बिचारा. त्यानं त्या दिवशी खरंच दाखवलं होतं. कदाचित त्याच्यामुळं कुणी वेळेत घराबाहेरही पडलं असेल. खालच्या ओळी कुणी चिकटवल्या ते सापडलं तरी तो म्हणणार, मला जसं आलं तसं पाठवलं.

हे फक्त पुराचं नाही. जुलै २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारे समजून पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारलं. त्या काळात देशभर फिरणारा एक व्हिडिओ, मोटारसायकलवरून मूल उचलून नेणारा, मुळात कराचीतल्या एका संस्थेची मुलांच्या सुरक्षिततेबद्दलची जाहिरात होती. शेवटचा खुलासा कापला, झाली अफवा. त्या सगळ्यानंतर व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा घातली. तरी सप्टेंबर २०२२ मध्ये आमच्याच जिल्ह्यात, जत तालुक्यातल्या लवंग्याला, वाट विचारणाऱ्या चार साधूंना त्याच संशयावरून पट्ट्या-काठ्यांनी मारलं. नशीब, जीव वाचले.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. मेसेज फॉरवर्ड केला की त्याच्यासोबत तो पहिल्यांदा ज्या दिवशी पाठवला गेला ती तारीख पुढं गेली पाहिजे. कुणी पाठवला ते नको. नाव नको, नंबर नको. आज होतं असं की, सहा वर्षांपूर्वीचा व्हिडिओ फॉरवर्ड केला की त्याच्याखाली आत्ताची वेळ पडते, सकाळी ९.४२. शिळ्या भाताला फोडणी देऊन ताजा म्हणून वाढायचं काम ॲप स्वतःच करतं. फोटोच्या पोटात कॅमेऱ्यानं लिहिलेली तारीख असते, तीही पाठवताना गळून पडते.

वकील मित्र म्हणाला, तारीख जोडायची तर परत मेसेज वाचणं आलं. अजिबात नाही. खूप वेळा फॉरवर्ड झालेल्या मेसेजवर दोन बाण दिसतात ना? तो मेसेज पाच किंवा जास्त हात फिरून आलाय हे ॲपला कसं कळतं? मोजणीचा आकडा मेसेजबरोबरच कुलपाच्या आत प्रवास करतो, कंपनी मेसेज वाचत नाही, हे कंपनीच सांगते. मग त्याच आकड्याशेजारी तारीख बसायला काय हरकत आहे? हां, व्हिडिओ उतरवून घेऊन नव्यानं चढवणारे राहतील. पण आमच्या बोळात त्या संध्याकाळी तो व्हिडिओ ज्यांनी ज्यांनी पाठवला, त्या सगळ्यांनी फॉरवर्डच्या बाणावर बोट टेकवलं होतं, दुसरं काही केलं नव्हतं.

मग हे कुणीच का मागत नाही? माझा अंदाज सांगतो, पटला तर घ्या. जुनं म्हणून कळलेलं कुणी पुढं पाठवत नाही, आणि पाठवणं कमी झालेलं कंपनीला परवडत नाही. सरकारला माणूस हवा असतो, कारण माणसाला अटक करता येते. तारखेला काय बेड्या घालणार? राजकीय पक्षांचं तर विचारूच नका. सगळ्यांच्याच सोशल मीडियावाल्या पोरांचं अर्धं दुकान जुन्या भाषणांच्या तुकड्यांवर चालतं. यात डावं-उजवं करू नका, माझ्याकडं सगळ्या रंगांचे नमुने आहेत.

आमच्याकडं अलमट्टीचा वाद बघा, म्हणजे कर्नाटकातल्या कृष्णेवरच्या त्या धरणामुळं पाणी मागं फुगून इकडं पूर येतो की नाही हा. आख्खा वादच तारखांचा आहे. कुठल्या दिवशी धरणात किती पाणी होतं, किती येत होतं, किती सोडलं. २०१९ च्या पुराची कारणं तपासणाऱ्या वडनेरे समितीनं अलमट्टीमुळं पूर आला नाही असं म्हटलं, ते इथल्या बऱ्याच जणांना आजही पटलेलं नाही. कृष्णेच्या पाणीवाटपाच्या लवादानं २०१० मध्येच धरणाची पाणीपातळी ५१९.६० वरून ५२४.२५६ मीटरपर्यंत न्यायला मुभा दिली आहे, त्यामुळं काळजी खोटी नाही. पण भांडायचं तर आकड्यांवर भांडा. ग्रुपवर काय येतं? धरणाच्या दारांचा बिनतारखेचा व्हिडिओ, आणि खाली एकमेकांच्या नेत्यांचा उद्धार. एका बहाद्दरानं तर कोयनेतून २०० टीएमसी (म्हणजे २०० अब्ज घनफूट) पाणी सोडल्याचं कळवलं होतं. अहो, आख्ख्या कोयनेत मावतं १०५. १ लाख क्युसेक, म्हणजे सेकंदाला १ लाख घनफूट, दिवसभर, २४ तास सोडले तरी साडेआठ टीएमसीच्या आसपास होतात. हे गणित मी ग्रुपवर टाकलं तर दोन अंगठे आले. त्यातला एक माझ्या मेव्हण्याचा.

कंपनी करेल तेव्हा करो. आमच्या बोळातल्या दुकानदारांनी आपल्यापुरता नियम केलाय. जून ते सप्टेंबर पाण्याबद्दल काहीही टाकायचं असेल तर कुठलं ठिकाण, कुठला दिवस, किती वाजता हे स्वतःच्या हातानं टाईप करायचं. नाहीतर ॲडमिन मेसेज उडवणार, मग तो नगरसेवकाचा असो नाहीतर ॲडमिनच्या बायकोचा. पोलिसांना, कलेक्टर ऑफिसला काही विचारावं लागलं नाही. हातानं टाईप करायचं म्हटल्यावर निम्म्या लोकांचा उत्साह तिथंच मावळतो, हा आमचा अनुभव.

एक काका तेवढे रुसून ग्रुप सोडून गेले. कुणीतरी चेष्टेत त्यांना रोजच्या ‘शुभ सकाळ’वरही तारीख आणि ठिकाण टाकायला सांगितलं होतं. त्यांना परत आणायची बोलणी चालू आहेत. त्यांची अट अशी की गुलाबाची फुलं या नियमातून वगळावीत.