काकाजी, तो टूरचा कागद बदला

आज संध्याकाळी शेजारचे काकाजी टूरचा कागद दाखवायला आले. लेक न्यू जर्सीला असते, काकू अन् ते पुढच्या महिन्यात पहिल्यांदाच चालले. कागदावर लिहिलेलं, दुपारी 1 ते 4 स्टॅच्यू ऑफ लिबर्टी आणि एलिस आयलंड. न्यूयॉर्कच्या बंदरातली ही बेटं, एलिसवर पूर्वी जहाजानं अमेरिकेत राहायला येणाऱ्यांची तपासणी व्हायची. 3 तासात दोन बेटं, त्यातच बोटीची लाईन आणि विमानतळावर करतात तशी तपासणी! तेव्हापासून डोकं तापलं आहे, जेवण गेलं नाही, म्हणून लिहून राहिलो.

कारण हीच चूक मी केली आहे, माझ्या आईला घेऊन. भावाकडे गेलो होतो, मॅनहॅटनच्या बॅटरी पार्कमधून दुपारची बोट धरली, ती आधी पुतळ्यावर नेते, तिथं आम्ही नुसते फोटो काढत बसलो, इकडून, तिकडून, हात वर करून, आणि एलिस आयलंडवर उतरलो तेव्हा शेवटच्या बोटीला 40 मिनिटं राहिली होती. 1892 ते 1954 मध्ये जवळपास 1 कोटी 20 लाख माणसं जिथून अमेरिकेत शिरली, तिथं 40 मिनिटं!

आई खालीच थांबली, जुन्या पेट्या, टोपल्या रचून ठेवल्या आहेत तिथं. "किती लोकायचं बिऱ्हाड हाय वं माय हे," म्हणे. पुढं एका फोटोत डॉक्टर पापणी उलटी करून डोळा पाहत होता. खुपऱ्या, म्हणजे डोळ्याचा लागट रोग, आहेत का ते असं पाहायचे, कधीकधी तर बुटाची बटणं लावायच्या हुकानं, आणि संशय आला की अंगावरच्या कपड्यावर खडूनं खूण. आईला लहानपणी खुपऱ्या झाल्या होत्या. एकदम हळू बोलली, "मंग मले त वापसच पाठोलं असतं." अन् मी काय केलं, तर तिचा हात धरून ओढत होतो, चाल माय, बोट सुटते.

बरं, मान्य, पुतळाही पाहावाच. चौथऱ्यासकट 305 फुटांचा आहे, 1886 पासून उभा आहे, खाली उभं राहिलं की छाती भरून येते. टूरवाल्यालाही पंचवीस लोक सांभाळायचे असतात, तेही मान्य. पण पुतळा बोटीतूनही दिसतो हो! माणसांची गोष्ट बोटीतून नाही दिसत. पहिल्या-दुसऱ्या वर्गाची तपासणी जहाजावरच उरकायची, बेटावर आणायचे ते खालच्या वर्गाचे, म्हणजे तुमच्या-माझ्यासारखे. ते वाचायला अर्धा दिवस नको?

आपल्या सेवाग्रामला तरी काय वेगळं. 1936 पासून गांधीजी जिथं राहिले तिथं गाडी थांबते, लोक कुटीसमोर सेल्फी घेतात, अन् ड्रायव्हर हॉर्न वाजवून राहिला. जाऊ द्या, विषय वाढतो.

काकाजी, राग मानू नका, तुमच्यावर नाही चिडलो. टूर सोडा त्या दिवशी. लेकीला म्हणा सकाळची पहिली बोट काढ, आणि न्यू जर्सीच्या लिबर्टी स्टेट पार्कमधूनच काढ, ती आधी एलिस आयलंडलाच लागते. एकाच तिकिटात दोन्ही बेटं होतात, कानाला लावून ऐकायचं यंत्रही त्यातच मिळतं. पोटभर पाहा, मग पुतळ्याकडे जाणारी मागची बोट धरा. मुकुटात चढायचं असेल तर त्याचं तिकीट महिनोन्महिने आधी काढावं लागते, तुम्हाला आता काही मिळत नाही, आणि काकूंच्या गुडघ्यांना झेपणारही नाही.

आईचे गुडघे आता पार गेले, तिचं काही पुन्हा जाणं होत नाही. मी नंतर वाचून तिला सांगितलं की शंभरातले साधारण 2 च वापस पाठवत होते, जहाजाच्या कंपनीला ते स्वतःच्या खर्चानं न्यावे लागायचे. तर म्हणे, "अन् त्या दोघायचं घरी जाऊन काय झालं? वावर इकून आले असन ना थे?" आजही कापूस वेचून आलेल्या बायांना ती हे विचारते. काकू, तुम्ही तिथं थांबा, त्या वापस गेलेल्यांचं जे काही लिहिलं असेल ते लेकीकडून नीट वाचून घ्या, अन् तिथूनच आईला फोन लावा. आपल्याकडे रात्र असेल, चालते, ती जागीच राहते.