न पेरलेलं पीक

मे २०२० मध्ये अमेरिकेत राहायची माझी परवानगी सतरा महिन्यांची उरली होती, आणि मी पुढच्या दहा वर्षांची फुटबॉल टीम बांधायला बसलो.

फुटबॉल म्हणजे पायाने खेळतात तो नव्हे. लांबुळका चेंडू काखेत मारून पळायचं आणि समोरच्या दीडशे किलोच्या माणसाने आपल्याला जमिनीत गाडायचं, तो. ओहायोतल्या कोलंबसला आल्यावर पहिली तीन वर्षं सोमवारी सकाळी ऑफिसात सगळे कालच्या मॅचवर बोलायचे आणि मी कॉफीत नसलेली साखर ढवळत उभा असायचो. शेवटी कोणाला तरी दया आली आणि मला फँटसी लीगमध्ये घेतलं. आपल्याकडे आयपीएलला लोक मोबाइलवर टीम लावतात, तसलाच प्रकार. खेळाडू मैदानात खरं खेळणार, गुण आपल्या कागदावरच्या टीमला मिळणार.

साध्या लीगचं एक बरं असतं, दर वर्षी पाटी कोरी. पण लॉकडाउनमध्ये आमच्या प्रोजेक्ट मॅनेजरला घरी करमेना, म्हणून त्याने डायनॅस्टी लीग काढली. डायनॅस्टी म्हणजे घराणं. एकदा घेतलेला खेळाडू तो रिटायर होईपर्यंत किंवा तुम्ही विकेपर्यंत तुमच्या गळ्यात. बारा मालक, प्रत्येकी सव्वीस खेळाडू, म्हणजे पाळीपाळीने एकेक निवडत ३१२ नगांची वाटणी. तिला ड्राफ्ट म्हणतात. त्यानंतर दर वर्षी कॉलेजातून नव्याने येणाऱ्या पोरांचा छोटा ड्राफ्ट, त्यात तळाच्या टीमला पहिली निवड. आणि या पुढच्या वर्षांच्या निवडी, ज्यांना सगळे 'पिक' म्हणतात, त्या आजच विकता येतात. फी वर्षाला पन्नास डॉलर. घटस्फोट झाल्यास टीम कोणाकडे जाणार, एवढं एक सोडून सगळं नियमांत लिहिलेलं होतं.

मला वाटलं, हे आपल्या रक्तात आहे. आम्ही आटपाडीकडचे. माझे आजोबा पौषात खरसुंडीच्या जत्रेत खिलार बघायला जायचे, तेव्हा मी त्यांच्या धोतराला धरून असायचो. आजोबा बैलाचा ओठ वर करून दात बघायचे. दुधाचे दात असले तर आदत, दोन पक्के आले की दुसा, चार आले की चौसा, सगळे आले की जुळला. मग खुर, मग अंगावरचे भोवरे. सौदा ठरवताना दोघांचे हात उपरण्याखाली जायचे आणि बोटाबोटांत भाव व्हायचा, बघणाऱ्याला पत्ता नाही. तोंडाने मात्र दोघंही पावसापाण्याचं बोलत असायचे.

अमेरिकेतही हेच चालतं, फक्त उपरणं नाही. दर वर्षी हिवाळा सरताना, आमच्यापासून तीन तासांवर इंडियानापोलिसला, कॉलेजातल्या पोरांचा बाजार भरतो. त्याला कंबाइन म्हणतात. चाळीस यार्ड पळवतात, जागेवरून उडी मारायला लावतात, उंची, वजन, हाताची लांबी, एवढंच काय पंजासुद्धा मोजतात. २०२० मध्ये आमच्या ओहायोत वाढलेल्या, चेंडू फेकणाऱ्या जो बरोचा पंजा नऊच इंच भरला, तर काही दिवस देशात दुसरा विषय नव्हता. भोवरा चुकला असंच म्हणायचे सगळे. तरी एप्रिलमध्ये खऱ्या टीम नवी पोरं वाटून घेतात त्या खऱ्या ड्राफ्टमध्ये तोच पहिला निवडला गेला.

डायनॅस्टीत वय म्हणजे सर्वस्व. चेंडू घेऊन पळणारा गडी, रनिंग बॅक, सव्वीस-सत्ताविसाला जुळला म्हणून समजायचं, गुडघे बोलायला लागतात. चेंडू झेलणारा रिसीव्हर तिशीपर्यंत चालतो. फेकणारा क्वार्टरबॅक सगळ्यात टिकाऊ, पण त्याचाही भरवसा नाही. २४ ऑगस्ट २०१९ च्या रात्री इंडियानापोलिसच्या अँड्र्यू लकने एकोणतिसाव्या वर्षी रिटायरमेंट घेतली. बातमी फुटली तेव्हा त्याच्या टीमची सरावाची मॅच चालू होती, तो बाजूला उभा होता, आणि मैदानातून निघताना घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. आमच्या मॅनेजरच्या जुन्या लीगमध्ये लक त्याच्याकडे होता. तो हा प्रसंग अजून घरातलं माणूस गेल्यासारखा, आवाज खाली आणून सांगतो.

मी एक्सेल शीट केली. वय महिन्यांत. बत्तीस रकाने. बायको मागे येऊन उभी राहिली. आमच्याकडे तेव्हा जुन्या भाडेकरूने सोडून दिलेला सोफा होता, त्याची एक स्प्रिंग बाहेर आलेली. नवा सोफा घ्यायचा विषय निघाला की मी म्हणायचो, व्हिसाचं कळू दे, उगाच कशाला लांबचा विचार?

"हा शेवटचा रकाना कसला?"

"२०२८ मध्ये कोण किती वर्षांचा असेल त्याचा."

"आणि २०२८ मध्ये आपण कुठे असू?"

"ते आत्ता कसं सांगणार?"

ती स्प्रिंग चुकवून सोफ्यावर बसली आणि काही बोलली नाही.

ड्राफ्टमध्ये प्रत्येकाला एका निवडीला आठ तास होते. सगळ्यांच्या नोकऱ्या, झोपा, पोरं सांभाळून शांतपणे विचार करता यावा म्हणून. शांतपणे! पाच आठवडे मी फोन घेऊन बाथरूममध्ये गेलो. माझा नंबर बारावा. ड्राफ्ट सापासारखा वळतो, पहिल्या फेरीत एक ते बारा, दुसरीत उलट बारा ते एक. त्यामुळे शेवटच्याला लागोपाठ दोन निवडी मिळतात आणि मग बावीस निवडी होईपर्यंत तो आपल्या आवडीचे खेळाडू एकेक करून लोकांच्या घरी जाताना बघत बसतो. माझ्या आधी, अकराव्या नंबरला, वेअरहाऊसमधला एक चौसष्ट वर्षांचा म्हातारा होता. दहाव्याला हैदराबादचा एक पोरगा, जो प्रत्येक वेळी सात तास पन्नास मिनिटं घ्यायचा. तो विचार करायचा नाही. तो बाकीच्यांचा रक्तदाब वाढवायचा.

पहिल्या फेरीत त्याने पहाटे चार वाजता निवड केली. म्हाताऱ्याने दोन मिनिटांत डेरिक हेन्री घेतला. सव्वीस वर्षांचा रनिंग बॅक! मी अंधारात हसलो. आता माझ्यासमोर दोघं होते. एकीकडे ग्रीन बेचा दावांटे ॲडम्स, सत्तावीस पूर्ण, उत्तम रिसीव्हर, पण चौसा. दुसरीकडे क्लाइड एडवर्ड्स-हेलेअर, एकवीस वर्षांचा, नुकताच कॉलेजातून सुटलेला, कॅन्सस सिटीने पहिल्या फेरीत ३२ वा उचललेला. कॅन्सस सिटी त्या वर्षीचे जगज्जेते. त्यांना कळत नसेल तर कोणाला कळणार? उंची फक्त पाच फूट सात इंच, पण मी म्हटलं, आपलीही तेवढीच आहे. क्लाइड घेतला. आणि लागोपाठ फिलाडेल्फियाचा माइल्स सँडर्स, तेवीस वर्षांचा. दोन्ही खोंडं दारात बांधली आणि झोपलो.

सकाळी ग्रुपवर म्हाताऱ्याचा मेसेज होता : "ॲडम्सचं काही दुखतंय का? नसेल तर मी घेतो."

मला पुढे चढायची घाई झाली होती. हैदराबादच्या पोराशी रात्री फोनवर बोलून मी २०२१ चं माझं पहिल्या फेरीचं पिक दिलं आणि पिट्सबर्गचा साडेतेवीस वर्षांचा जुजू स्मिथ-शूस्टर घेतला. नेमका त्याच वेळी आईचा व्हिडिओ कॉल आला. तिने अर्धवट ऐकलं होतं.

"कसलं पीक दिलंस रं?"

"पुढच्या वर्षीचं, आई."

"पेरलंस कवा?"

"अजून पेरायचं आहे."

"न पेरलेलं पीक इकलंस? कुणाला?" तिने फोन बाबांकडे वळवला. "आवो, हे बघा जरा, काय म्हणतोय ते."

बाबांनी चष्मा लावून विचारलं, "भाव काय मिळाला?"

"जुजू."

बराच वेळ तिकडून आवाज आला नाही. मला वाटलं नेटवर्क गेलं.

पाचव्या फेरीत मला रिसीव्हर हवा होता. यादीत दोन नवी पोरं उरली होती. खऱ्या ड्राफ्टमध्ये २१ वा जेलन रेगर फिलाडेल्फियाने घेतला होता आणि लगेच २२ वा जस्टिन जेफरसन मिनेसोटाने. एक तास चाळीस मिनिटं मी दोघांचे व्हिडिओ बघितले. मला मनातून जेफरसन आवडला होता, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो. पण फिलाडेल्फियाकडे पगारी माणसं आहेत, वर्षभर हिंडून पोरं बघतात, त्यांच्यासमोर दोघं उभे असताना त्यांनी रेगर उचलला. मी कोण? डेटाबेसवाला. रेगर घेतला. तीन निवडींनंतर हैदराबादने जेफरसन घेतला. सात तास पन्नास मिनिटं लावून.

म्हातारा दरम्यान वृद्धाश्रम भरत होता. एकोणिसाव्या फेरीत, २२७ वा, त्याने टॉम ब्रेडी घेतला. ब्रेडी बेचाळीस वर्षांचा. २००० साली तो खऱ्या ड्राफ्टमध्ये १९९ वा निवडला गेला होता, आमच्याकडे त्याच्याही खाली घसरला. ग्रुपवर काठ्या, कवळ्या आणि व्हीलचेअरच्या चित्रांचा पाऊस पडला. माझाही त्यात हातभार होता.

म्हाताऱ्याने चिडायचं सोडून आम्हाला गोष्ट सांगितली. हा खेळ १९६२ मध्ये ओकलंड रेडर्सच्या मालकांपैकी एक, बिल विंकेनबाख, याने न्यूयॉर्कच्या हॉटेलात दोघा-तिघांना घेऊन शोधला. १९६३ च्या ऑगस्टमध्ये त्याच्या घरी पहिला ड्राफ्ट झाला. पहिला नंबर लागलेल्याने जिम ब्राउन सोडून जॉर्ज ब्लँडा घेतला, पस्तीस वर्षांचा. ब्राउनने तिशीत खेळ सोडला. ब्लँडा १९७५ पर्यंत खेळला, अठ्ठेचाळिसाव्या वर्षापर्यंत. "आणि मला," म्हातारा म्हणाला, "या रविवारी खेळणारे हवेत. २०२८ मध्ये मी असेन की नाही, माझं डॉक्टर सांगत नाही."

दहा सप्टेंबरला हंगाम सुरू झाला. पहिल्याच मॅचला क्लाइडने चेंडू घेऊन १३८ यार्ड मारले. मी रात्री अकराला श्रीखंडाचा डबा उघडला. पुढे काय झालं ते लांबवत नाही. क्लाइडची अख्ख्या हंगामाची बेरीज ८०३ झाली. हेन्रीने २०२७ यार्ड काढले. ॲडम्सने १८ टचडाउन झेलले (चेंडू गोलरेषेपार गेला की एक टचडाउन), ब्रेडीने चाळीस फेकले आणि फेब्रुवारीत टँपा बेला विजेता केलं. म्हाताऱ्याने आमची ट्रॉफी उचलली, म्हणजे ॲमेझॉनवरून मागवलेला प्लास्टिकचा चेंडू. माझा नंबर बारापैकी बारावा.

तळाला आलेल्याला नव्या ड्राफ्टमध्ये पहिली निवड मिळते, हे वर आलंच आहे. ती मी विकली होती. हैदराबादने तिच्यावर जमार चेज घेतला. त्याने पहिल्याच वर्षी १,४५५ यार्ड केले. आणि माझा जुजू त्या हंगामात खांदा धरून बसला.

सँडर्सचं मात्र सांगितलंच पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल हा रडतोय नुसता. २०२१ मध्ये सँडर्सने ७५४ यार्ड पळून टचडाउन किती केले? शून्य. प्रत्येक वेळी तो गोलरेषेजवळ चेंडू आणून ठेवायचा आणि शेवटचं पाऊल दुसराच कोणीतरी टाकायचा. मी वैतागून २०२२ च्या उन्हाळ्यात त्याला विकला. त्या हंगामात त्याने अकरा केले. त्याच ऑगस्टअखेर फिलाडेल्फियाने रेगरला देऊन टाकला, तोही कुठे, तर मिनेसोटाला! म्हणजे ज्या दोघांमधून मला एक निवडायचा होता ते दोघं एकाच टीममध्ये. जेफरसनने त्या वर्षी १,८०९ यार्ड केले. रेगर जवळ उभा राहून बघत होता. तोही मीच.

व्हिसा २०२१ मध्ये तीन वर्षांनी वाढला, २०२४ मध्ये पुन्हा. सोफा तोच आहे. स्प्रिंगवर बायकोने उशी शिवून घातली आहे आणि पाहुण्यांना आम्ही दुसऱ्या टोकाला बसवतो.

म्हातारा रिटायर होऊन फ्लोरिडाला गेला, पण टीम सोडली नाही. गेल्या मे महिन्यात नव्या पोरांचा ड्राफ्ट चालू असताना त्याने मला विचारलं, दोन वर्षांनंतरचं माझं पिक तुला देतो, त्या बदल्यात एक तिशीचा रिसीव्हर दे. मी कधीचा तसल्या पिकासाठी टपलेलो. हो म्हणणार तेवढ्यात आईचा फोन आला. मी तिला सांगितलं, आई, आज नवीन गडी घ्यायचाय, एकवीस वर्षांचा, आदत आहे, चाळीस यार्ड असा पळतो की बघत राहावं.

"पळतोय ते दिसतंय," आई म्हणाली. "पाय बघितलास का? मामंजी आदी पाय बघायचे, मग दात."

घड्याळात सात तास एकेचाळीस मिनिटं बाकी होती. मी स्प्रिंग चुकवून सोफ्यावर बसलो, लॅपटॉप उघडला, आणि व्हिडिओ थांबवून थांबवून त्या पोराचे घोटे बघायला लागलो.