सत्तर लाखांची कुरकुर

गाडी जितकी महाग, तितका तिच्यातला आवाज मोठा. स्वस्त गाडीत इंजिन, टायर, वारा, शेजारच्या बेस्टचा हॉर्न आणि मागच्या सीटवरचे नातेवाईक सगळे एकदम बोलत असतात. त्यात डॅशबोर्डाची टकटक कोणाच्या कानात शिरणार? सत्तर लाखांच्या गाडीत मात्र काचेच्या दोन थरांमध्ये आवाज शोषणारा पापुद्रा असतो, दरवाज्यांना दुहेरी रबरं असतात, बॉनेटच्या आतून जाड अस्तर असतं. बाहेरचं सगळं गप्प केल्यावर एखादी सैल क्लिप वाजली, तर तीच मैफलीची मुख्य गायिका ठरते. ती नीट ऐकू यावी याची सोयही आपल्याच पैशांतून झालेली असते.

पुढचा कार्यक्रम ठरलेला. सर्व्हिस सेंटरात आधी कॉफी येते. तिच्यावर फेसाचं पान काढलेलं असतं, आणि ते काढणाऱ्याइतका हळुवार हात गाडीला क्वचितच लागतो. मग सर्व्हिस अॅडव्हायजर टॅब्लेट घेऊन येतो आणि तीनपैकी एक उत्तर देतो. ‘सर, स्कॅन केलं, कोड काही येत नाहीये.’ ‘सर, सॉफ्टवेअर अपडेट मारलंय, दोन-तीन दिवस चालवून बघा.’ आणि सगळं खुंटलं की, ‘सर, ही या मॉडेलची कॅरॅक्टरिस्टिकच आहे.’

पहिल्या उत्तरात लबाडी नसते, अपुरेपणा असतो. स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचं सॉकेट असतं, त्याला यंत्र जोडलं की गाडी आपली दुखणी सांगते. ‘पी’ने सुरू होणारा कोड इंजिन-गिअरबॉक्सचा, ‘सी’ ब्रेक-सस्पेन्शनचा, ‘बी’ बॉडीचा, एअरबॅग-काचा वगैरेंचा आणि ‘यू’ म्हणजे गाडीतल्या संगणकांचं आपापसात बोलणं बंद झाल्याचा. पण गाडीला तेवढंच कळतं जेवढं सेन्सरला कळतं. कुरकुरणाऱ्या प्लॅस्टिकवर सेन्सर नसतो. तिथे कोड शोधणं म्हणजे भांडणाचा आवाज थर्मामीटरने मोजणं. उलट डॅशबोर्डावर इशाऱ्याचे दिवे लागत असतील, तर कोड पुसण्याआधी स्कॅनचा छापील रिपोर्ट मागायचा. इंजिनच्या बऱ्याच कोडांबरोबर त्या क्षणाचा वेग, आरपीएम, कूलंटचं तापमान साठवलेलं असतं. कोड पुसला की हा पंचनामाही जातो, आणि पुढच्या वेळी आपण पुन्हा पहिल्यापासून ‘सर, कधीपासून होतंय?’वर.

‘कॅरॅक्टरिस्टिक’वर एक सभ्य उतारा आहे. शोरूममध्ये त्याच मॉडेलची टेस्ट ड्राइव्हची गाडी असते. आधी आपली गाडी, मग ती, तोच रस्ता, तोच स्पीड-ब्रेकर, शेजारी त्यांचाच टेक्निशियन. दोन्ही गाड्या वाजल्या तर ‘हा या मॉडेलचा स्वभाव आहे’ असं लेटरहेडवर लिहून मागा. एकच वाजली तर मागण्यासारखं काही उरतच नाही, त्यांनाच जॉब कार्ड, म्हणजे तक्रारीचा आणि कामाचा कागद, उघडावं लागतं. लेटरहेड म्हटल्यावर कित्येक स्वभाव दुरुस्त होतात, हे माझं मत मी कुठेही मांडायला तयार आहे.

आता जॉब कार्ड. माझ्या मते सगळी लढाई या एका कागदावर होते, पाना-पक्कड नंतर. तिथे ‘आवाज येतो’ एवढंच लिहिलं तर उत्तर येतं, ‘तपासलं, आवाज आढळला नाही.’ लिहायचं असं: ‘सकाळी थंड इंजिन, वेग २० ते ३०, स्पीड-ब्रेकरवर डावं पुढचं चाक उतरताना, पुढून डावीकडून दोन ठोके, एसी व म्युझिक बंद असताना स्पष्ट, गाडी तापल्यावर कमी.’ निदान मात्र आपण लिहायचं नाही. ‘लिंक रॉड गेला असावा’ लिहिलं की ते इमानाने लिंक रॉड बदलतात, तक्रार बंद होते आणि ठोके तसेच राहतात, फक्त आता नव्या लिंक रॉडसह.

आणि प्रत्येक खेपेला शब्द तेच हवेत. या मुद्द्यावर सुशिक्षित माणसं हमखास हरतात, कारण त्यांना शाळेपासून पुनरुक्ती टाळायला शिकवलेलं असतं. पहिल्या वेळी ‘ठोके’, दुसऱ्या वेळी ‘खडखड’, तिसऱ्या वेळी ‘व्हायब्रेशन’. कंपनीच्या नोंदीत या तीन वेगळ्या तक्रारी होतात, प्रत्येक एकदाच आलेली आणि प्रत्येक ‘समाधानकारकरीत्या निकाली’. आपण भाषेची श्रीमंती दाखवायची नाही. जुन्या कार्डावरचं वाक्य जसंच्या तसं उतरवायचं आणि पुढे ‘पूर्वीचीच तक्रार, दुरुस्तीनंतर कायम’ असं जोडायचं. जाताना-येतानाचं किलोमीटर रीडिंग, काय बदललं त्या भागाचा क्रमांक आणि सहीची प्रत. किल्ली हातातून सुटण्याआधी प्रत हातात.

एकाच वेळी एअरबॅग, एबीएस, लेन असिस्ट, पार्किंग कॅमेरा असे सगळे इशाऱ्याचे दिवे लागले, तर सगळं बिघडलं असं समजू नये. एवढं सगळं एका रात्रीत बिघडवणं महापालिकेच्या खड्ड्यांनाही जमत नाही. बहुतेक वेळा गुन्हेगार एकच असतो: १२ व्होल्टची बॅटरी. अशा गाडीत डझनावारी छोटे संगणक असतात. व्होल्टेज घसरलं की ते एकेक करून कुरकुरतात, आणि प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. म्हणून ‘यू’ कोडांची रांग दिसली की आधी मल्टिमीटर काढायचा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर १२.६ व्होल्टच्या आसपास किंवा वर असेल तर बॅटरी भरलेली. १२.२ म्हणजे निम्मी. इंजिन चालू असताना साधारण साडेतेरा ते साडेचौदा हवेत.

‘पण गाडी नवी आहे!’ गाडी नवी असते, बॅटरी नसते. ती कारखान्यात बसली त्या दिवसापासून वय मोजते, मग यार्डात महिनोन्‌महिने चार्जिंगविना उभी राहते. नंतर ती मुंबईत येते, म्हणजे दादर ते बीकेसी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, एसी पूर्ण, सीटला थंड हवा, दोन फोन चार्जिंगला, आणि संध्याकाळी पुन्हा तळघरात. बॅटरी भरायला वेळच मिळत नाही. पहिली खूण अशी की सिग्नलला इंधन वाचवायला इंजिन आपोआप बंद होण्याची जी सोय असते, ती चालेनाशी होते. भर मे महिन्यात एसीच्या ओझ्यामुळेही तसं होतं, पण डिसेंबरातही होत असेल तर शंका घ्यावी.

बॅटरी चांगली असून सकाळी उतरलेली सापडत असेल, तर रात्री कोणीतरी वीज पीत असतं. त्याची चाचणी सांगून करून घ्यावी. बॉनेट उघडं ठेवून त्याचं कुलूप स्क्रू-ड्रायव्हरने बंद स्थितीत ढकलायचं, म्हणजे गाडीला बॉनेट बंद वाटतं. गाडी लॉक करायची, किल्ली लांब न्यायची, निगेटिव्ह केबलला क्लॅम्प मीटर (तार न सोडवता प्रवाह मोजणारा चिमटा) लावायचा आणि अर्धा ते एक तास थांबायचं, कारण सगळे संगणक झोपायला तेवढा वेळ लागतो. त्यानंतर साधारण ५० मिलिअँपिअरच्या खाली प्रवाह दिसला तर ठीक. जास्त असेल तर एकेक फ्यूजवरचा प्रवाह मोजत चोर शोधायचा. पुष्कळदा तो बाहेरून बसवलेला डॅशकॅम निघतो. कधी किल्लीच निघते: गाडी खिडकीखाली उभी आणि किल्ली चपलांच्या कपाटावर असली, तर काही गाड्या रात्रभर तिची चाहूल घेत जाग्या राहतात. आणि बॅटरी बदललीच तर बऱ्याच गाड्यांत ती संगणकात नोंदवावी लागते, नाहीतर नवीला जुनीसारखंच चार्जिंग मिळतं. त्या नोंदणीचा उल्लेख बिलावर हवा.

पावसाळ्यातला मानाचा दोष म्हणजे सनरूफ. मुळात सनरूफ पाणी अडवतच नाही, थोडं आत घेतं आणि चार कोपऱ्यांतल्या नळ्यांमधून खाली सोडतं. मे महिन्यात गुलमोहराखाली उभी केलेली गाडी जूनमध्ये या नळ्यांत पाकळ्या, धूळ आणि कबुतराची पिसं घेऊन येते. मग पाणी छताच्या खांबातून उतरून गालिच्याखाली साचतं, आणि काही गाड्यांत कंट्रोल मॉड्यूल नेमके तिथे, सीटखाली असतात. कनेक्टरवर हिरवट गंज चढला की ज्यांचा पाण्याशी काही संबंध दिसत नाही असे दोष सुरू होतात. सीट हलत नाही, ट्रंक आपोआप उघडते. सर्व्हिसवाले गालिचा वाळवून, सुगंध मारून देतात. तेवढ्यावर गाडी घेऊ नये. प्रत्येक कोपऱ्यात साधारण पाव लिटर पाणी हळूहळू ओतून ते गाडीखाली पडतंय का हे डोळ्यांनी पाहावं. नळी तुंबली असेल तर लवचीक नायलॉनची तार हलक्या हाताने सोडतात. कॉम्प्रेसरची हवा जोरात मारली तर नळी आतल्या आत निसटते, आणि मग गालिच्याखाली थेट नळजोडणी.

एअर सस्पेन्शनवाल्यांनी, म्हणजे ज्यांची गाडी स्प्रिंगऐवजी हवेच्या फुग्यांवर उभी असते त्यांनी, टेलरची टेप गाडीत ठेवावी. चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर रात्री आणि सकाळी, चारही चाकांना, सपाट जागेवर. एकच कोपरा बसत असेल तर तिथला हवेचा फुगा किंवा जोड गळतोय, आणि ती गळती भरून काढताना कॉम्प्रेसरचाही जीव जातोय. फक्त कॉम्प्रेसर बदलून दिला तर नवाही त्याच वाटेने जाणार.

काही ठिकाणी मात्र कंपनीचं बरोबर असतं, आणि ते कबूल करताना मला आनंद होत नाही. बीएस-६ डिझेलच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर असतो, आणि त्यातली काजळी जाळायला गाडीला पंधरा-वीस मिनिटं सलग बऱ्या वेगाने धावावं लागतं. त्या वेळी फिल्टरमध्ये सुमारे ६०० अंशांपर्यंत तापमान चढतं. रोज परळ-लोअर परळ करणाऱ्याने असा फिल्टर तुंबवणं अटळ. कोस्टल रोड साडेदहा किलोमीटरचा, त्यामुळे काजळी पेटते मरीन ड्राइव्हला आणि ब्रेक लागतो वरळीला. अटल सेतूचे जवळपास २२ किलोमीटर पुरतात, पण टोल भरून धूर जाळायला जायचं हे विकताना कोणी सांगत नाही. दर वेळी अर्धवट राहिलं तर काजळी जाळायला फवारलेलं जादा डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइलची पातळी चढते. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी, खड्ड्याने टायरला आलेला फुगा आणि साचलेल्या पाण्यात इंजिन चालू करून वाकवलेला कनेक्टिंग रॉड याही गोष्टी वॉरंटीत येत नाहीत. त्यांचा वाद विम्याशी घालावा.

बाकी दोष तरी तोच राहिला, तर डीलरला आणि कंपनीच्या मुख्यालयाला एकाच ईमेलमध्ये, सगळी जॉब कार्डं तारखेने लावून कळवावं. १७ अक्षरांचा चेसिस क्रमांक टाकून त्या गाडीवर रिकॉल, म्हणजे दोषासाठी कंपनीने गाड्या परत बोलावणं, आहे का तेही पाहावं. अमेरिकेत वारंवार बिघडणारी गाडी परत घ्यायला लावणारे खास कायदे आहेत, आपल्याकडे तसा नाही. आहे तो ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. गाडीसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोग, ५० लाख ते दोन कोटी असेल तर राज्य आयोग. राहत्या ठिकाणी दावा लावता येतो, दोष उघड झाल्यापासून दोन वर्षांत. सत्तर लाखांच्या गाडीला शुल्क २००० रुपये, या गाडीच्या बाबतीत इतकं स्वस्त दुसरं काहीच नाही. गाडी कंपनीच्या नावावर आहे म्हणून घाबरू नये. संचालकाच्या वापरासाठी घेतलेली गाडी आपोआप व्यावसायिक ठरून या कायद्याबाहेर जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये सांगितलं आहे. मात्र भाग बदलून काम होणार असेल तर अख्खी गाडी बदलून मिळणं कठीण, हाही त्याच न्यायालयाचा २००६ चा निकाल. पैसे परत मागताना रोड टॅक्सची पावती जोडायला विसरू नका. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरच्या, वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के आणि डिझेलला १५ टक्के म्हणजे चहापाण्याची रक्कम नव्हे.

उत्पादनातला दोष सिद्ध करायला बहुधा तज्ज्ञाचा अहवाल लागतो. चाचणीसाठी गाडी योग्य प्रयोगशाळेकडे पाठवा, अशी मागणी अर्जातच करता येते. आयोगाने तपासणीची तारीख दिली की सर्व्हिस सेंटरला अचानक आपुलकी सुटते. ‘सर, फ्री वॉशिंग आणि छोटंसं चेकअप करून देतो, तासाभरात गाडी घरपोच.’ गाडी धुळीने माखलेली असली तरी चालेल, किल्ली देऊ नका.