‘लेस्टरमध्ये हिंदूंनी धडा शिकवला, विषय संपला’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा वाचताना तुमचा एक मुद्दा पटला, त्याकडे पुढे येतेच. उत्तर लांबलंय, पण तुम्हीही मनापासून आणि सविस्तर लिहिलं होतंत, त्यामुळे दोन ओळींत वाटेला लावणं बरं दिसलं नसतं.

बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं आधी थोडक्यात सांगते. इंग्लंडमधल्या लेस्टर शहराच्या सिटी कौन्सिलच्या (म्हणजे महापालिकेच्या) मे २०२३ च्या निवडणुकीवरचा माझा लेख तुम्हाला एकांगी वाटला. सप्टेंबर २०२२ मध्ये तिथे हिंदू-मुस्लिम दंगल झाली, हिंदू मतदारांनी तो राग मजूर पक्षावर (लेबर) काढला, त्यात ऋषी सुनक पंतप्रधान झाले आणि त्यांच्या हुजूर पक्षाची (कन्झर्व्हेटिव्ह) लाट आली, एवढंच कारण, असं तुमचं म्हणणं. मजूर पक्षाची ५३ जागांवरून ३१ वर घसरण दुसऱ्या कशाने होणार, असं तुम्ही विचारता. मी मात्र तिकीटवाटप आणि मतदानपद्धत असल्या ‘तांत्रिक’ गोष्टी सांगून मूळ मुद्दा झाकला. आणि शेवटी: भारतीय पासपोर्टवर राहणाऱ्या बाईला तिथे मतसुद्धा नसतं, तिने तिथल्या लोकांच्या मनातलं आम्हाला काय सांगावं?

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण ते साफ चूक आहे आणि आपल्या अनेकांचा तोच समज आहे. ब्रिटनमध्ये कायदेशीर राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना मताचा अधिकार आहे, आणि भारत राष्ट्रकुलात आहे. नोकरीच्या व्हिसावर आलेला मराठी इंजिनिअर असो की विद्यार्थी, मतदारयादीत नाव नोंदवलं की तो कौन्सिललाच काय, पार्लमेंटच्या निवडणुकीलाही मत देऊ शकतो. ४ मे २०२३ ला इंग्लंडमध्ये पहिल्यांदाच मतदानासाठी फोटो असलेलं ओळखपत्र सक्तीचं झालं, आणि मान्य ओळखपत्रांच्या यादीत राष्ट्रकुल देशांचे पासपोर्टही होते. मी माझा निळा पासपोर्ट दाखवला. टेबलामागच्या बाईंनी फोटो पाहिला, यादीत नाव शोधलं आणि दोन मतपत्रिका हातात दिल्या, एक महापौरासाठी आणि एक नगरसेवकांसाठी. दोरीला बांधलेल्या पेन्सिलीने फुल्या मारून मी बाहेर आले. त्या दिवशी मला फार भारावल्यासारखं झालं होतं, आणि म्हणूनच ‘मतसुद्धा नाही’ हे वाचून लागलं.

आता त्या दुसऱ्या मतपत्रिकेकडे वळते, कारण तिच्यातच तुमच्या ‘लाटे’चं निम्मं उत्तर आहे. तुम्ही लिहिलंत, ‘आपल्या पुण्याच्या प्रभागासारखंच तर आहे, त्यात समजावण्यासारखं काय?’ तसं नाही. पुण्यात चार सदस्यांचा प्रभाग असला तरी अ, ब, क, ड अशा जागा वेगळ्या असतात, प्रत्येक जागेची लढत वेगळी होते आणि आरक्षणही जागेनुसार पडतं. लेस्टरमध्ये २१ प्रभाग आहेत, त्यातले १२ तीन सदस्यांचे आणि ९ दोन सदस्यांचे, असे एकूण ५४ नगरसेवक. तीन सदस्यांच्या प्रभागात सगळ्या पक्षांचे सगळे उमेदवार एकाच यादीत आडनावाच्या अक्षरक्रमाने छापलेले असतात. तुमच्या हातात तीन फुल्या. सर्वांत जास्त मतं मिळालेले पहिले तिघे निवडून येतात.

याचा परिणाम काय होतो? बहुतेक लोक तिन्ही फुल्या एकाच पक्षाला देतात. मग एका प्रभागात ज्या पक्षाला इतरांहून थोडी जास्त मतं पडली, तो तिन्ही जागा उचलतो आणि दुसऱ्या क्रमांकाच्या पक्षाच्या हाती काहीच लागत नाही. २०१९ मध्ये मजूर पक्षाला ५४ पैकी ५३ जागा मिळाल्या, म्हणजे ९८ टक्के. उरलेली एक लिबरल डेमोक्रॅटची. शहरातले ९८ टक्के लोक मजूर पक्षाचे होते, असं तेव्हाही कोणी म्हणू शकलं नसतं. हुजूर पक्षाचे हजारो मतदार तेव्हाही होते, त्यांच्या वाट्याला एकही नगरसेवक आला नव्हता. २०२३ मध्ये हीच पद्धत उलटी फिरली. मजूर ३१, हुजूर १७, ग्रीन ३, लिबरल डेमोक्रॅट ३. बेलग्रेव्ह, रशी मीड, नॉर्थ एव्हिंग्टन अशा पूर्वेच्या नि ईशान्येच्या प्रभागांत मतं सरकली आणि जागांची अख्खी तिकडी सरकली. बदल झाला हे मी नाकारत नाही, तो मोठा होता. पण ५३ हा आकडा जितका फुगलेला होता, तितकीच २२ जागांची घसरणही फुगलेली आहे. ज्याला पद्धत ठाऊक नाही, त्याला आकड्यांत लाट दिसणारच. म्हणून ते मूळ लेखात समजावलं होतं आणि पुन्हा लिहीन तेव्हाही समजावेन.

महापौरपदाचंही असंच आहे. लेस्टरला २०११ पासून थेट निवडून येणारा महापौर आहे, आणि खरी सत्ता त्याच्याच हाती असते. मानाचा लॉर्ड मेयर वेगळा. मजूर पक्षाचे सर पीटर सोल्सबी पहिल्या तीन निवडणुकांत निम्म्याहून जास्त मतं घेऊन पहिल्याच फेरीत निवडून आले होते. २०२३ मध्ये ते पुन्हा जिंकले, पण ४० टक्क्यांचा पल्लाही गाठला नाही. कोणालाच निम्म्याहून जास्त मतं नसल्यामुळे जुन्या नियमाने दुसऱ्या पसंतीची मतं मोजावी लागली असती. २०२२ च्या कायद्याने ती पद्धत रद्द झाली होती, त्यामुळे पहिला तो विजयी.

सुनक यांच्याबद्दल. इथे मी तुम्हाला फक्त दोन तारखा दाखवते. नॉर्थ एव्हिंग्टन प्रभागात पोटनिवडणूक झाली २० ऑक्टोबर २०२२ ला. ती जागा मजूर पक्षाकडून हुजूर पक्षाने हिसकावली, आणि मजूर पक्ष ग्रीन पक्षाच्याही मागे, तिसऱ्या क्रमांकावर गेला. त्याच दिवशी लिझ ट्रस यांनी पंतप्रधानपदाचा राजीनामा जाहीर केला. देशभर हुजूर पक्षाची इतकी वाईट अवस्था क्वचितच झाली असेल. सुनक पंतप्रधान झाले २५ ऑक्टोबरला, म्हणजे पाच दिवसांनी. लेस्टरचं वळण त्यांच्या आधीचं आहे. आणि मे २०२३ मध्ये, सुनक पंतप्रधान असताना, हुजूर पक्षाने इंग्लंडभर हजारावर नगरसेवक गमावले. लेस्टर त्या सगळ्या चित्राच्या उलट गेलं. तेव्हा कारण लंडनच्या डाउनिंग स्ट्रीटवर शोधून सापडणार नाही, ते लेस्टरमध्येच शोधायला हवं.

आता तिकीटवाटप, ज्याला तुम्ही ‘तांत्रिक’ म्हणालात. निवडणुकीच्या काही आठवडे आधी मजूर पक्षाने आपल्या १९ विद्यमान नगरसेवकांची तिकिटं कापली. त्यातले बरेच आशियाई वंशाचे होते. हा निर्णय शहरातल्या पक्षशाखांनी घेतला नव्हता. उमेदवार निवडीचं काम पक्षाच्या राष्ट्रीय कार्यकारिणीने आपल्याकडे घेतलं होतं. दशकभर, कुणी त्याहूनही जास्त काळ, एकाच प्रभागात काम केलेली माणसं घरी बसवली गेली. काही हुजूर पक्षात गेले, काही अपक्ष उभे राहिले. आपल्याकडे निवडणुकीच्या तोंडावर असं झालं तर आपण काय म्हणतो? बंडखोरी झाली, मतं फुटली म्हणतो. ‘अमुक जातीची लाट’ एवढंच म्हणून थांबत नाही. मग लेस्टरला वेगळा न्याय का?

नगरसेवक तिथे काय करतो, हेही लक्षात घ्या. १९९७ पासून लेस्टरची कौन्सिल जिल्ह्यापासून स्वतंत्र आहे. कचरा, रस्ते, बागा तर आल्याच, पण शाळा, कौन्सिलची घरं, म्हाताऱ्या नि अपंग माणसांची घरी येऊन होणारी देखभाल हे सगळं तिच्याच अखत्यारीत. नगरसेवक ठरलेल्या वेळी लोकांना भेटायला बसतो, त्याला तिथे ‘सर्जरी’ म्हणतात. ग्रंथालयाच्या किंवा कम्युनिटी सेंटरच्या खोलीत खुर्च्या मांडलेल्या असतात आणि माणसं कागदांच्या पिशव्या घेऊन रांगेत बसलेली असतात. इंग्रजी पत्र न कळणाऱ्या आजीसाठी त्या खोलीत गुजराती बोलणारा माणूस असणं म्हणजे काय, हे मी पाहिलंय. आमच्या गल्लीत कंपालाहून आलेल्या एक गुजराती आजी राहायच्या. १९७२ मध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत युगांडा सोडायला सांगितलं तेव्हा त्या आल्या होत्या. त्या वेळी याच लेस्टर कौन्सिलने युगांडाच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती की कृपा करून लेस्टरला येऊ नका. लोक तरीही आले, आणि त्यांनी भारतीय दुकानांचा बेलग्रेव्ह रोड उभा केला. आजी त्यानंतर दर निवडणुकीला मजूर पक्षालाच मत द्यायच्या. २०२३ मध्ये बसचा ज्येष्ठ नागरिक पास दाखवून त्या मत देऊन आल्या आणि मला म्हणाल्या, ‘अमारा भाईनुं नाम कापी नाख्युं, अमने कोणे पूछ्युं?’ आमच्या माणसाचं नाव कापलं, आम्हाला कोणी विचारलं? त्यांनी कोणाला मत दिलं ते सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. पण त्या वाक्यातला दुखावलेपणा मी विसरू शकत नाही. माझ्या लेखाचा कणा तोच होता. मजूर पक्षाने हे शहर गृहीत धरलं होतं.

आता तुमचा पटलेला मुद्दा. सप्टेंबर २०२२ च्या घटनांवर मी मूळ लेखात दोनच वाक्यं लिहिली होती. ते कमी होतं आणि तुम्ही त्यावर बोट ठेवलंत ते योग्य केलंत. २८ ऑगस्टच्या भारत-पाकिस्तान सामन्यानंतर तणाव वाढत गेला आणि १७-१८ सप्टेंबरला दोन्हीकडचे तरुण रस्त्यावर उतरले. मुस्लिम वस्तीच्या ग्रीन लेन रोडवरून हिंदू तरुणांचा घोषणा देत मोर्चा गेला, बेलग्रेव्ह रोडवर मंदिराचा झेंडा उतरवला गेला. एका मुस्लिम मुलीला पळवून नेण्याचा प्रयत्न झाल्याची अफवा त्याआधीच पसरली होती, पोलिसांनी ती खोटी असल्याचं सांगितलं, तोवर व्हायचं ते नुकसान झालं होतं. दोन्ही समाजांतली घरं धास्तावली होती. कितीतरी हिंदू कुटुंबांना वाटलं की आपल्या भीतीची दखल आपण इतकी वर्षं निवडून दिलेल्या पक्षाने घेतली नाही. मतं फिरायला हे मोठं कारण होतं. मी ते हलकं करून लिहायला नको होतं. खरं सांगायचं तर या विषयावर लिहिताना मला भीती वाटली, आणि भीतीने लेखन आखडलं.

पण ‘एवढंच’ हा तुमचा शब्द मला मान्य नाही. कारण पडझड २०२२ मध्ये सुरू झालेलीच नाही. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये मजूर पक्षाच्या अधिवेशनात काश्मीरवरचा, भारताच्या भूमिकेविरुद्ध जाणारा ठराव झाला, त्यावरून लेस्टरमध्ये नाराजी होती. त्याच वर्षीच्या पार्लमेंट निवडणुकीत लेस्टर ईस्ट मतदारसंघासाठी पक्षाने लंडनच्या इस्लिंग्टनमधल्या नगरसेविका क्लॉडिया वेब यांना आणून उभं केलं. २०१७ मध्ये बावीस हजारांवर असलेलं मताधिक्य सहा हजारांवर आलं. सूचना तेव्हाच मिळाली होती. २०२४ मध्ये पक्षाने काय केलं? पुन्हा लंडनहून उमेदवार आणला, राजेश अग्रवाल, लंडनचे उपमहापौर राहिलेले, मूळचे इंदूरचे. तुमच्या हिशोबाने हिंदू उमेदवार दिल्यावर हिंदू मतं परत यायला हवी होती. आली नाहीत. हुजूर पक्षाच्या शिवानी राजा निवडून आल्या, आणि त्या निवडणुकीत हुजूर पक्षाने देशभरात दुसऱ्या पक्षाकडून जिंकलेली ती एकमेव जागा. त्याच रात्री शहराच्या दुसऱ्या भागात, लेस्टर साउथमध्ये, गाझाच्या प्रश्नावर चिडलेल्या मतदारांनी, ज्यांत मुस्लिम मतदार मोठ्या संख्येने होते, मजूर पक्षाच्या जोनाथन अ‍ॅशवर्थ यांना ९७९ मतांनी पाडलं आणि शॉकत अ‍ॅडम या अपक्षाला निवडलं. ज्या दोन समाजांना आपण एकमेकांसमोर उभे करून पाहतो, त्या दोघांतूनही मजूर पक्षाची जुनी मतं गेली. कारणं वेगळी होती. पण ज्याच्या दारात दहा वर्षांत कोणी विचारपूस करायला आलं नाही, त्याचं मत हलायला एक धक्का पुरतो, मग तो धक्का कुठलाही असो.

आणखी एक गोष्ट. हे शहर पूर्वीही फिरलंय. २००३ मध्ये, इराक युद्धाच्या वेळी, मजूर पक्षाचं बहुमत गेलं आणि लिबरल डेमोक्रॅट २५ जागा घेऊन सर्वांत मोठा पक्ष झाला. २००७ मध्ये मजूर पक्षाचं बहुमत परत आलं आणि २०११ मध्ये तो ५२ जागांवर पोचला. २०२३ चा निकाल कायमचा शिक्का आहे असं समजून आपण इथून टाळ्या वाजवल्या, तर तिथल्या माणसांवर अन्याय होईल. बेलग्रेव्ह रोडवरची माणसं आपल्या वादातले पुरावे म्हणून मत देत नाहीत. ती घराच्या वेटिंग लिस्टवर नाव कधी वर सरकेल, आईला सकाळी अंघोळ घालायला येणारी बाई उद्यापासून येईल की नाही, याचा विचार करूनही मत देतात, आणि मंदिराच्या झेंड्याचाही. एकाच फुलीत दोन्ही असतं.

मूळ लेखात मी आज दोन बदल केले आहेत. सप्टेंबर २०२२ वर पूर्ण परिच्छेद घातलाय, आणि पूर्वेकडच्या प्रभागांतल्या हिंदू कुटुंबांच्या भीतीबद्दल स्पष्ट लिहिलंय. खाली तुमच्या प्रतिक्रियेमुळे हा बदल केला, असं नोंदवलंय. तिकीटवाटपाचा भाग आहे तसाच ठेवलाय. आणि ‘लाट’ हा शब्द मी तेव्हा वापरला नव्हता, आताही घातलेला नाही.